पाणी असताना या

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
गोवा राज्य पाणथळ प्राधिकरण

सादर नमस्कार.

आमच्या गावची पावसाळी पाणथळ जागा पाणी असताना पाहिली जावी, म्हणून सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र लिहिते आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पत्र खुलं आहे, कुणाच्याही हाती पडेल, आणि नाव छापून आलं की पुढच्याच रविवारी देवळासमोर गाड्यांची रांग लागेल. आमच्या भागातल्या धबधब्यांवर पावसाळ्यात काय चालतं ते आम्ही बघत आलो आहोत. आमच्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने केलेल्या अर्जात गावाचं नाव आहे, सर्व्हे क्रमांक आहेत, हाताने काढलेला नकाशाही आहे.

माझा जन्म ह्याच गावचा. तेहतीस वर्षं प्राथमिक शाळांत शिकवलं, त्यातली शेवटची चौदा वर्षं इथल्याच शाळेत. आता निवृत्त आहे आणि समितीच्या लिखापढीचं काम बघते.

जागा अशी आहे. तिन्ही बाजूंना सह्याद्रीचे डोंगर, चौथीकडून एक व्हाळ, म्हणजे ओढा, बाहेर पडतो आणि पुढे म्हादईला मिळणाऱ्या नदीत जातो. मधल्या सपाटीला आम्ही मळो म्हणतो. मृग लागेपर्यंत तिथे गुरं चरतात, मुलं खेळतात. आर्द्रा सरेपर्यंत गुडघाभर पाणी होतं, पुष्यात, जुलै सरताना, मधोमध कमरेला लागतं. हस्तापर्यंत ते टिकतं. चित्रा-स्वातीत उतरू लागलं की व्हाळालगतच्या खालच्या पट्ट्यात चार-पाच घरं वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, करतात. वरचा भाग कुणी नांगरत नाही, पूर्वीही कधी नांगरला नव्हता. माघात सगळी जमीन तडकते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या अर्जावरून एका खात्याचे दोघे जण पाहणीला आले. ते तुमच्या प्राधिकरणाचे नव्हते. माणसं चांगली होती, उन्हातून चालत आली, घरी पाणी घेतलं. पण त्यांना दिसलं काय? भेगाळलेली माती, चार म्हशी आणि मुलांनी रोवून ठेवलेले क्रिकेटचे दांडे. "इथे पाणी कुठे आहे, बाई?" असं त्यातल्या एकाने विचारलं. मी हाताने दाखवत राहिले. इथवर येतं, त्या करमळाच्या बुंध्यापर्यंत येतं. बुंध्यावर सुकलेल्या गाळाची रेघ होती, तीही दाखवली. त्यांनी बघितलं, फोटो काढले आणि अहवालात लिहिलं, कोरडी पडीक जमीन. जमिनीच्या एक-चौदाच्या सरकारी उताऱ्यावर ती आधीपासूनच पोटखराब आहे. ज्यात भात नाही, माड नाही, पोफळ नाही, ती जमीन खराब.

त्या दिवशी मला रात्रभर झोप लागली नाही. आपण दाखवायला कमी पडलो असंच वाटत राहिलं. म्हणून यंदा पावसाळ्यात तीनदा वहीपेन्सिल घेऊन गेले आणि दिसलं ते टिपून ठेवलं. तेच तुमच्यापुढे ठेवते.

पहिल्यांदा गेले ती मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसाची रात्र होती. माझ्यासोबत माझे दोन जुने विद्यार्थी होते. मळ्याच्या अलीकडूनच आवाज ऐकू येत होता. बॅटरी मारली तर वरच्या उथळ डबक्यांत मोठे बेडूक, हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळेधमक, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडत असलेले. एरवी हा बेडूक मातकट हिरवा असतो, विणीच्या त्या थोड्या दिवसांत नर असा रंग धरतो. खालच्या अंगाला व्हाळातून चढणीचे मासे वर येत होते, दगडावरून उडी चुकली की परत पाण्यात पडत होते. मासे खालच्या पाण्यात थांबतात, वरच्या डबक्यांपर्यंत मोठा मासा पोचत नाही. तिथे तो टिकणारही नाही, कारण ते पाणी वर्षभर राहत नाही. बेडकांना म्हणूनच ती डबकी हवी असतात. अंडी आणि पिल्लं खाणारं तिथे कमी, फक्त पाणी आटायच्या आत पिल्लाला पाय फुटले पाहिजेत. बारमाही तळ्यात हे साधत नाही. पाणी आटणं हा ह्या जागेचा दोष नाही, त्याच्यावरच तिथली वीण चालते, एवढं ध्यानात घ्यावं.

त्याच रात्री पलीकडच्या बांधावर आणखी दोन बॅटऱ्या दिसल्या. हातात पोती होती. वन्यजीव कायद्याने बेडूक मारायला बंदी आहे, वन खातं दरवर्षी जाहीर करतं, तरी पहिल्या पावसाला पोती निघतात. आम्ही हाका मारल्या तेव्हा ते निघून गेले. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी गोव्यातल्या एका नव्या बेडकाला शास्त्रीय नाव देताना 'गोयंची' असं नाव दिलं. आपल्या भूमीचं नाव लावलेला जीव आपल्याकडे आहे, हे मी शाळेत शिकवत होते तेव्हा माहीत असतं तर मुलांना किती आनंदाने सांगितलं असतं.

दुसऱ्यांदा गेले पुष्यात. तीन दिवस पाऊस थांबलेला नव्हता. वाळपईला वर्षाला साधारण साडेतीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आम्ही तर डोंगराच्या आणखी जवळ. सोबत माझी नात होती, अकरा वर्षांची, पर्वरीला राहते. मे महिन्यात ती ह्याच मळ्यात मामेभावांबरोबर खेळली होती. देवळाच्या मागची चढण उतरून आम्ही झाडीतून बाहेर आलो आणि ती एकदम थांबली. "आजी, आमची खेळायची जागा गेली?" समोर डोंगरापासून डोंगरापर्यंत पाणी पसरलं होतं, त्यातून देवभाताची, म्हणजे रानटी भाताची, पात वर आलेली, आणि पाण्यावर पाऊस पडत होता. वारा नव्हता. पात एकाच वेळी सगळीकडे थरथरत होती.

आम्ही तिथे दोन तास होतो. तिला मी आधी वरून येणारं पाणी दाखवलं. डोंगरातून उतरणारे तीन ओहोळ तांबडे, चहासारखे. मग बांधावरून फिरून खाली, जिथून व्हाळ बाहेर पडतो तिथे नेलं आणि ओंजळीत पाणी घ्यायला लावलं. हाताच्या रेषा दिसल्या. वर तांबडं आणि इथे नितळ, हे कसं, असं तिने विचारलं. गवत पाण्याला थोपवतं, वेग गेला की माती खाली बसते, असं सांगितलं. तेवढ्यात तिला पाण्यात काड्यांसारखे किडे दिसले, ती चतुरांची पिल्लं. भटके चतुर अशाच पावसाळी पाण्यात अंडी घालतात, ती पिल्लं काही आठवड्यांतच पंख फुटून उडतात, आणि पाऊस सरताना त्यांचे थवे भारतातून मालदीव बेटांवरून समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातात. चार महिन्यांचं पाणी, पण त्यातून निघालेला जीव एवढा लांबचा पल्ला गाठतो. नातीने ते घरी जाऊन नकाशावर बघितलं, आणि मुंबई कुठे, मालदीव कुठे, ते रात्री बोटाने मोजत बसली.

झाडीत नवरंग ओरडत होता, दिसला नाही. कांडेसर करकोच्यांची एक जोडी पाण्याच्या कडेला उभी होती. एक टिटवी आमच्या डोक्यावरून ओरडत फिरत राहिली म्हणून आम्ही त्या बाजूला गेलो नाही.

ह्याच मळ्याच्या खाली, व्हाळाच्या उजव्या अंगाला तीन कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा, आहेत. तिथली पोफळी आणि मिरवेली एका झरीवर जगतात. वर मळ्यात साचलेलं पाणी जांभ्याच्या भेगांतून मुरतं, खाली चिकणमातीचा थर लागला की आडवं सरकतं आणि डोंगराच्या पायथ्याला झर होऊन बाहेर येतं. हे मला कुणा शास्त्रज्ञाने सांगितलेलं नाही, पाहिलेलं आहे. काही वर्षांपूर्वी वरच्या भागातल्या एका मालकाने जमीन सुकवायची म्हणून मळ्यातून व्हाळापर्यंत चर खणला. त्या वर्षी गणपतीतच पाणी उतरलं. आणि एरवी एप्रिल अखेरपर्यंत चालणारी झर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आटली. तिन्ही कुळागरांत पोफळींची शेंडं पिवळी पडली. गावाने बसून बोलणी केली, चर बुजवला, दोन पावसाळ्यांनी झर पूर्ववत झाली. हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण कुठल्याच सरकारी कागदावर नाही.

जुलै २०२१ ची आठवण तुम्हालाही असेल. म्हादईला पूर आला, सत्तरीत घरं पडली, पैकुळचा पूल गेला. त्या दिवसांत आमच्या मळ्यात पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं एवढं चढलं आणि मग आठ दिवस हळूहळू उतरत राहिलं. ते सगळं पाणी एकाच रात्री व्हाळातून खाली लोटलं असतं तर खालच्या वाड्यावरची घरं राहिली असती का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तिसरी फेरी चवथीआधी आठ दिवस. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी रानातलं कांगलं आणि शेरवाड आणायला गावातल्या बायका जातात, त्यांच्याबरोबर गेले. कडेच्या जांभ्यावर सीतेची आसवं फुलली होती, निळी-जांभळी, बोटाच्या पेराएवढी. ह्या झाडाच्या मुळांच्या जागी बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढले जातात. जमिनीत सत्त्व नाही म्हणून झाडाने शोधलेली ही वाट. मध्ये गेंदाचे पांढरे ठिपके. आणि त्या फुलांच्या मधोमध चाकांच्या चार खोल चाकोऱ्या. कुणीतरी मोठ्या गाड्या आणून चिखलात फिरवल्या होत्या, गोल गोल. एका चाकोरीत बाटल्या होत्या. माझ्यासोबतच्या एका वहिनीने खाली बसून चाकोरीतलं पाणी हाताने बाजूच्या फुलांकडे ढकलायला सुरुवात केली. त्याचा उपयोग नव्हता, तिलाही ते कळत होतं.

आता मागणीकडे येते.

२६ सप्टेंबर २०१७ चे पाणथळ जागांचे नियम मी बसून वाचले. त्यातल्या व्याख्येत पाणथळ जागा नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमची असो वा तात्पुरती, असं स्पष्ट आहे. म्हणजे चार महिन्यांचं पाणी कायद्याला मान्य आहे, ते पाहायला जाणाऱ्यालाच दिसत नाही. त्याच व्याख्येतून भातशेती वगळलेली आहे, तेही मला समजतं. पण खालच्या पट्ट्यात वायंगण होतं म्हणून वरचा न नांगरलेला भागही भातशेतीत ढकलू नये. आणि हे नियम आंतरराष्ट्रीय रामसर करारात नोंदलेल्या आणि अधिसूचित केलेल्या जागांनाच लागू होतात, अभयारण्य आणि वनजमिनीतल्या जागा त्यांच्या कायद्यांकडे. आमच्या मळ्याचा डोंगराकडचा थोडा भाग वनात, बाकी खासगी. पाण्याला ती हद्द माहीत नाही. आज मात्र एका बाजूचं खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं आणि मळा दोघांच्याही कागदात बसत नाही.

नियमांत आणखी एक गोष्ट आहे. नियम लागू झाले त्याआधीच्या दहा वर्षांतल्या पाणथळ जागेच्या सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरपर्यंत पक्कं बांधकाम करता येत नाही. ही रेषा फेब्रुवारीत कशी ठरवणार? आमच्या शाळेतल्या मुलांनी ती ठरवून ठेवली आहे. २००६ पासून दर पावसाळ्यात पाणी जास्तीत जास्त जिथवर आलं तिथे मुलांनी जांभ्याचा चिरा पुरला, त्यावर रंगाने वर्ष लिहिलं आणि तारीख शाळेच्या वहीत टिपली. रंग उडतो, दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो, पण चिरे जागेवर आहेत. मी निवृत्त झाले तरी ते काम थांबलेलं नाही. सगळ्यात वर २०२१ चा चिरा आहे. ती वही मी तुमच्या हाती द्यायला तयार आहे.

उपग्रहाच्या नकाशांवर अवलंबून राहू नका, अशी कळकळीची विनंती आहे. २०११ च्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांची नोंद झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना संरक्षण द्यायला सांगितलं. त्याहून लहान जागा नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्या आहेत. ती चित्रं पावसाळ्याआधीची आणि पावसाळ्यानंतरची होती, कारण ऐन पावसात ढगांखालचं त्या उपग्रहांना दिसत नाही. आमचा मळा पुष्यात पुरता भरतो तेव्हा अडीच-तीन हेक्टर होतो. मे महिन्यात शून्य. त्याचं खरं माप घ्यायचं तर पायी येऊनच घ्यावं लागेल.

कुडचड्याचं नंदा तळं ८ जून २०२२ ला, ऐन मृगाच्या तोंडावर, गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून नोंदलं गेलं. ४२ हेक्टरांची ती जागा. रामसरच्या नोंदीतच तिचं वर्णन मुख्यत्वे हंगामी गोड्या पाण्याची दलदल असं आहे, आणि तिच्या पाण्यावर लोक भात पिकवतात हेही लिहिलेलं आहे. गोव्याने जगापुढे अभिमानाने ठेवलेली पहिली पाणथळ जागा हंगामी आहे, तर डोंगरातल्या लहान मळ्याला तेच कारण आड का यावं? सत्तरीला पाणथळ जागा राखणं नवीन नाही. बांबरची निरंकाराची राय, म्हणजे देवराई, बघा. जायफळाच्या कुळातली झाडं, गुडघ्यासारखी वर आलेली मुळं आणि पायाखाली पाणी. देवाची म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुणी कोयता लावला नाही. आमच्या मळ्याला तसा देव नाही. त्याला तुमचा कागदच लागेल.

आणि तो लवकर लागेल. २०२४ मध्ये नगर नियोजन कायद्यात ३९-अ कलम आल्यापासून, एखाद्या सर्व्हे क्रमांकापुरता जमिनीचा विभाग (झोन) बदलून मागायची वाट खुली झाली ही गोष्ट आमच्यासारख्या कोपऱ्यातल्या गावातही पोचली आहे. उन्हाळ्यात अनोळखी गाड्या येतात, माणसं उतरून डोंगराकडे बघतात, "सपाट आहे, व्ह्यू छान आहे" म्हणतात. त्यांनाही मळा कोरडाच दिसतो.

गावात सगळे एका मताचे आहेत असं मी म्हणणार नाही. वायंगण करणाऱ्यांना भीती आहे की जागा अधिसूचित झाली तर त्यांची शेती आणि गुरांची चराई बंद होईल. त्यांची भीती खोटी नाही, कारण आजवर कुणी अधिकाऱ्याने त्यांच्यासमोर बसून आहे ती शेती चालू राहील असं सांगितलेलं नाही. ग्रामसभेत येऊन मराठीत किंवा कोंकणीत हे सांगा, आणि जे सांगाल ते लेखी द्या. लोक राजी होतील असं मला वाटतं, कारण चर खणला ते वर्ष कुणी विसरलेलं नाही.

२ फेब्रुवारीला पाणथळ दिनाचे कार्यक्रम होतात, शाळांत चित्रं काढली जातात. मीही मुलांकडून काढून घेतली आहेत. पण डोंगरातल्या ह्या जागांची पाहणी तुम्ही जुलैत करा, सबंध सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण तालुक्यांत. पुनर्वसू आणि पुष्य हे दिवस धरा. गावोगावच्या जैवविविधता समित्यांना आधी कळवा, त्यांच्या नोंदवह्यांत अशा जागा असतील, नसतील तर म्हाताऱ्या माणसांना विचारून मिळतील. नियमांप्रमाणे तुमच्या प्राधिकरणात पाणथळ परिसंस्थेचे जाणकार आहेत, जलशास्त्राचे आहेत, मत्स्यव्यवसायाचेही आहेत. तिघांनाही इथे काम आहे.

आमच्याकडे याल त्या दिवशी सकाळी लवकर निघा. गाडी देवळाकडे ठेवावी लागेल, पुढे वीस मिनिटं चालत. वाटेत जळवा आहेत, पायांना लावायला मीठ आणि तंबाखूचं पाणी मी करून ठेवीन. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, दोन्ही हात मोकळे लागतात. करमळाच्या झाडापाशी पहिला चिरा आहे, तिथून मोजायला सुरुवात करू. मुलं येतील, त्यांना सगळ्या चिऱ्यांच्या जागा पाठ आहेत.

आपली,
सत्तरीतली एक निवृत्त शिक्षिका